गोव्याबाहेर पडल्यावर पाय कुठे अडला?

गोव्यात जग येतं, ते आपण लहानपणापासून बघतो. पण गोव्यातून जगात जाणंही जुनंच आहे. कांदोळीचा आबे फारिया, संमोहनाचा अभ्यास करणारा पाद्री, अठराव्या शतकात लिस्बन, रोम करत पॅरिसला पोचला. सांखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शिकायच्या ध्यासाने श्रीलंका, ब्रह्मदेश आणि पुढे हार्वर्ड, लेनिनग्राडपर्यंत गेले. आणि तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, तर आपल्याकडे वाड्यावाड्यावर आहेत.

या धाग्यात प्रवासाचं वेळापत्रक, हॉटेलं, तिकिटांचे भाव नकोत. जिथे पाय अडला अशी एकच जागा सांगा आणि का अडला ते मोकळेपणाने लिहा.

चोडण, शेती

लेक-जावई रॉटरडॅमला असतात, म्हणून नेदरलँड्सला जाणं झालं. फुलांच्या बागा पाहिल्या, त्या सगळेच पाहतात. मला लिहायचंय ते किंडरडाइकबद्दल. तिथे १९ पवनचक्क्या उभ्या आहेत, बहुतेक १७४०च्या सुमाराच्या. त्या पीठ दळण्यासाठी नव्हत्याच, शेतातलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकायला बांधल्या. आता ते काम पंप करतात, पण काही चक्क्यांत अजून कुटुंबं राहतात. देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रपातळीच्या खाली. बांधावर उभं राहिलं की एका अंगाला पाणी उंचावर, आणि दुसऱ्या अंगाला गाई खोल खाली चरतायत!

मी खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला माणूस. आमच्या मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, ना पंप लागतो, ना वारा. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी तीच दारं ढकलून नदीत जातं. आत कोरगुट भात, खारेपणा सोसणारं. हे मी जावयाला कागदावर काढून दाखवलं, तर तो रात्री जेवतानाही त्यावरच प्रश्न विचारत होता.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट बघून पोटात तुटलं. १९५३च्या फेब्रुवारीत वादळाने बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी समुद्राच्या तोंडाशी अजस्र दारं उभारली. पाण्याचा कारभार बघणारी त्यांची जलमंडळं मध्ययुगापासूनची. त्यांच्या निवडणुका आजही होतात, लोक त्यांचा वेगळा कर भरतात. आमचे बांधही गावानेच राखले होते. आता मानशीवरच्या मासळीच्या पावणीला (लिलावाला) माणसं जमतात, बांधाला चिखल घालायला कुणी मिळत नाही. खारं पाणी एकदा शिरलं की शेत पडीक, मग त्यात खारफुटी, मग तिथे शेत होतं हे सांगायलाही कुणी उरत नाही. चोडण-दिवाडीच्या पोरांनी तो डच बांध एकदा बघून यावा, असं मला मनापासून वाटतं.

डिचोली, सध्या मस्कत

थोडक्यात लिहिते. जुन्या मस्कतमध्ये खाडीच्या दोन्ही बाजूंना जलाली आणि मिरानी हे किल्ले आहेत, पोर्तुगीजांनी उभारलेले. ओमानी लोकांनी त्यांना १६५० मध्ये हुसकून लावलं. आपल्या गोव्याला त्यानंतर ३११ वर्षं थांबावं लागलं. मुलाला गोव्यातल्या रीस मागूश आणि शापोरा किल्ल्यांचे बुरूज ओळखीचे, त्यामुळे त्याने लांबूनच विचारलं, "आई, हे इथे पण होते?" तेव्हापासून आम्ही घरी नकाशा घेऊन बसतो: मलाक्का, मकाव, मोझांबिक.

वास्को, मर्चंट नेव्ही

इंजीन रूममधल्या माणसाला देश दिसत नाहीत, दिसली तर बंदरं. पनामा कालव्यात मात्र वॉच संपल्याबरोबर मी डेकवर आलो. गातूनच्या दरवाजे लावलेल्या हौदांच्या तीन पायऱ्यांत जहाज २६ मीटर वर चढतं, आणि तेही पंपाशिवाय. वरच्या तळ्याचं पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि एवढं लोखंड उचलतं. आयुष्य यंत्रांत गेलेल्या माणसाला यापेक्षा सुंदर काही दिसेल असं मला वाटत नाही.

वर पोचलं की गातूनचं तळं लागतं. हिरवीगार बेटं, पण ती बेटं नव्हेत, टेकड्यांचे माथे आहेत. चाग्रेस नदी अडवली तेव्हा खालची गावं बुडाली. कालवा १९१४ मध्ये सुरू झाला, म्हणजे त्या गावांची आठवण असलेलं आज कुणी नसेल.

माझं आजोळ कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की वाटा, विहिरी, घरांचे चौथरे वर येतात. वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. आई आपल्या चौथऱ्यावर जाऊन बसते आणि कुठे चूल होती, कुठे न्हाणी होती ते नातवंडांना दाखवते. गातूनचं तळं असं उघडं पडू देत नाहीत, जहाजांना खोली लागते. रात्री फोनवर आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमकां निदान मे म्हयनो तरी मेळटा."

पणजी

माझे आजोबा पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातल्या आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगात होते, त्यामुळे पोर्तुगालला जायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. गेलो. लिस्बनच्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. तिथे माझ्या मनात राग आला नाही, ओढही वाटली नाही. पुढे सरकलो.

अडलो ते पेनिशला. लिस्बनच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या खडकावरचा किल्ला, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांचा तुरुंग. १९४६ मध्ये शिक्षा झाल्यावर गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना गोव्यातून इतक्या लांब इथे आणून ठेवलं होतं. पणजीच्या आझाद मैदानावरचं त्यांचं स्मारक मी शाळेपासून बघतोय, पण त्या भिंतींवर आदळणाऱ्या लाटा ऐकेपर्यंत 'हद्दपार' म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं. तिथे आता प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. पोर्तुगालचे स्वतःचे कम्युनिस्ट, कामगार, विद्यार्थीही तिथे कैदेत होते. आमचा जेलर आणि त्यांचा जेलर एकच होता. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही लिस्बनजवळच्या कशियशच्या किल्ल्यात कैदेत होते, १९६९ मध्ये सुटले.

शाळकरी मुलांचा एक वर्ग आला होता. त्यांच्या शिक्षिका कोठडीबद्दल आवाज न चढवता, काही न लपवता सांगत होत्या. आपणही आग्वाद मुलांना असाच दाखवावा. आजोबा हयात नाहीत, नाहीतर त्यांना घेऊन मी परत गेलो असतो.

वाळपई, सत्तरी

आमची काजूची बाग आणि फेणी काढायची भाटी. कंपनीच्या कामाने ब्राझीलला नाताल शहरात राहिले. जवळच पिरांजी गावात काजूचं एक झाड आहे, एकच झाड, पण सुमारे ८,५०० चौरस मीटरवर पसरलेलं. फांद्या भुईला टेकतात, तिथे मुळं धरतात आणि पुढे चालू लागतात. आपला काजू तिकडूनच आला हे पुस्तकात वाचलं होतं. त्या सावलीत शिरल्यावर मी खोडांना हात लावत फिरले. बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास तोच, सत्तरीचा.

तिथे बोंडूला मान फार. रस दुकानादुकानात, मुरांबा, काजुईना नावाचं नितळ सोनेरी पेय, तेही बिननशेचं. आपल्याकडे गोवा सोडला तर बहुतेक ठिकाणी बोंडू बागेतच कुजतो. रस विकणाऱ्या एका मावशींना मी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं, की आम्ही बोंडू तुडवतो, रस आंबवतो, पहिल्या धारेची हुर्राक आणि ती पुन्हा रसाबरोबर चढवून फेणी काढतो. त्यांना ते खरंच वाटेना. मग बाबांनी भाटीवरून व्हिडिओ कॉल केला, रस उकळायचं तांब्याचं भाण आणि धार गोळा होते ते मडकं, म्हणजे लावणी, दाखवली. मावशींनी आजूबाजूच्या सगळ्या दुकानदारांना हाक मारून गोळा केलं.

हुर्राक टिकत नाही, ती नेता येणार नाही. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी आमच्या भाटीची फेणी नेणार आहे.