विद्युतप्रभाराची एककं बदलायला फुकटातलं काय वापरता?

चुंबकसुई: तांब्याच्या मुलाम्याचा प्रयोग लिहून काढतेय. बॅटरीवर मिलीअँपिअर-अवर, सूत्रात कूलोम आणि जुन्या पुस्तकात स्टॅटकूलोम (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद या जुन्या पद्धतीतलं प्रभाराचं एकक). इंटरनेटशिवाय चालणारं फुकट ॲप सुचवा. विकत काहीही घ्यायचं नाहीये.

गणकयंत्र: सरळ चांगला सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. माझा कॉलेजपासूनचा अजून ठणठणीत आहे. इलेक्ट्रॉनचा प्रभारसुद्धा आत साठवलेला आहे.

दशांश: मग तो आकडा जुना असणार. २०१९ पासून १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम ही किंमत कायमची ठरवून टाकली आहे.

गणकयंत्र: फरक अगदी शेवटच्या दशांश स्थळांवर. मुलाम्याला काय फरक पडतो?

दशांश: मुलाम्याला नाही पडत, पण आकडा बरोबर तो बरोबर.

रिकामी_बॅटरी: ॲप कशाला हवं? अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम, तासाचे सेकंद ३६००. म्हणून मिलीअँपिअर-अवरला ३.६ ने गुणायचं. ५००० चे १८,००० कूलोम. झालं.

वायरमन२: त्या आकड्यांवर विश्वासच ठेवू नका! २०,००० ची पॉवरबँक घेतली, ५००० चा फोन चारदा भरेल म्हणून. जेमतेम तीनदा भरतो. शुद्ध फसवणूक.

रिकामी_बॅटरी: फसवणूक नाही हो. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा. ५ व्होल्टला चढवला की १४,८०० च उरतात, वर तूट वेगळी. व्होल्टेज वेगळं असेल तर वॉट-अवर, म्हणजे एकूण ऊर्जा बघा.

सोपंकरा: ३.६ ने गुणा, बस्स.

जुनी_प्रयोगशाळा: स्टॅटकूलोमचं कोणीच बोललं नाही. १ कूलोम म्हणजे साधारण २.९९८ × १०⁹ स्टॅटकूलोम. पण नुसता आकडा बदलून भागत नाही. त्या पद्धतीत कूलोमच्या नियमातला स्थिरांक १ असतो, त्यामुळे सूत्रही बदलतं. पुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं उचलू नका. मुलाम्यासाठी फॅरडे धरा: एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात.

गणकयंत्र: हे सगळं कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

चुंबकसुई: सगळ्यांचे आभार. फॅरडेवरून हिशोब मांडला: एका अँपिअर-अवरला जास्तीत जास्त १.१९ ग्रॅम तांबं बसतं. आता कूलोम, ॲप, कॅल्क्युलेटर काहीच नको. सगळी वही अँपिअर-अवरमध्येच ठेवतेय. मीटरवर अँपिअर दिसतात, घड्याळ भिंतीवर आहेच.

दशांश: अहवालात कूलोमच लिहावं लागेल.

चुंबकसुई: शेवटच्या रकान्यात ३६०० ने गुणेन.