मुलीने सत्र अर्धवट सोडले: परतावा, फेडरल मदत आणि ‘फर्पा’ यांबद्दल मार्गदर्शन हवे

किनाऱ्यावरचा_बाबा, १७ नोव्हेंबर २०२४

नमस्कार. आम्ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहतो. मुलगी येथेच जन्मलेली असून या ऑगस्टमध्ये राज्याच्या एका सरकारी विद्यापीठात तिने पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. २६ ऑगस्टला सत्र सुरू झाले. सप्टेंबरअखेरीस तिला मोनो हा विषाणूजन्य आजार झाला, अशक्तपणा इतका वाढला की वर्गापर्यंत चालत जाणेही होईना, आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ ऑक्टोबरला तिने सत्रातून माघार घेतल्याचा अर्ज रजिस्ट्रारकडे दिला. आता ती घरी आहे आणि प्रकृती सुधारत आहे.

या सत्राचे विद्यापीठाचे बिल, म्हणजे शिकवणी शुल्क, इतर शुल्के, वसतिगृह आणि जेवण मिळून, १४,८०० डॉलर होते. त्यांपैकी २,००० डॉलर पेल ग्रँटमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या परत न करायच्या अनुदानातून, आले. मुलीच्या नावावरच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कर्जातून प्रक्रिया शुल्क वजा जाता सबसिडाइज्ड प्रकारात (शिकत असताना व्याज सरकार भरते) १,७३२ आणि अनसबसिडाइज्ड प्रकारात (व्याज विद्यार्थ्यावरच चढते) ९८९ डॉलर जमा झाले. उरलेले १०,०७९ डॉलर आम्ही ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, भरले. राज्याची किंवा विद्यापीठाची स्वतःची अशी वेगळी मदत नव्हती.

माझी अशी समजूत होती की आजारपणामुळे आणि तेही अर्ध्या सत्राच्या आत सोडल्यामुळे निदान काही रक्कम परत मिळेल. प्रत्यक्षात गेल्या आठवड्यात मुलीला पत्र आले की परतावा शून्य आहे आणि उलट तिनेच विद्यापीठाला २,४७३ डॉलर ८० सेंट देणे लागते. मी बर्सरच्या, म्हणजे शुल्काचा हिशोब ठेवणाऱ्या, कार्यालयात फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी अत्यंत नम्रपणे सांगितले की ‘फर्पा’ या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे त्या मला काहीही सांगू शकत नाहीत, खात्यात बाकी आहे की नाही हेसुद्धा नाही. पैसे मी भरायचे आणि हिशोब मात्र मला कळणार नाही, हे मला समजलेले नाही.

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘ग्राहक माहिती’ या नावाचे एक लांबलचक पान आहे, ज्यावर गोपनीयता, खर्च, आर्थिक मदत, परतावा, सुरक्षा अशा विषयांचे दुवे एकाखाली एक दिलेले आहेत. प्रवेशाच्या धांदलीत ते आम्ही वाचले नाही हे कबूल करतो. आता वाचल्यावर असे दिसते की तिथे परताव्याची दोन वेगवेगळी कोष्टके आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. कृपया जाणकारांनी सांगावे: ही रक्कम बरोबर आहे का, आणि मला काही करता येण्यासारखे आहे का?

फडके_वाडा, १७ नोव्हेंबर २०२४

मुलीला लवकर बरे वाटो. गोपनीयतेच्या भागाबद्दल लिहितो, कारण दोन मुलांच्या वेळी मी याच भिंतीवर डोके आपटलेले आहे.

‘फर्पा’ हा १९७४ चा कायदा आहे. मूल शाळेत असेपर्यंत शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क पालकांचा असतो, पण मूल अठरा वर्षांचे झाले की, किंवा त्याआधीच महाविद्यालयात दाखल झाले की, तो हक्क सगळाच्या सगळा विद्यार्थ्याकडे जातो. फी कोण भरतो याचा त्याच्याशी संबंध नाही. बिलाचे खाते हीसुद्धा शैक्षणिक नोंदच मानली जाते, त्यामुळे त्या बाईंचे वागणे नियमाला धरूनच होते.

उपाय सोपा आहे. कोणत्या नोंदी, कोणत्या कारणासाठी आणि कोणाला दाखवायच्या हे लिहून मुलीने सही आणि तारखेसह संमतिपत्र द्यावे. बहुतेक ठिकाणी ते विद्यार्थ्याच्या पोर्टलवरच भरता येते. मुलगी तुमच्या करविवरणात अवलंबित म्हणून दाखवलेली असेल, तर विद्यापीठ संमतीशिवायही तुम्हाला माहिती देऊ शकते. मात्र ‘देऊ शकते’ आणि ‘दिलीच पाहिजे’ यांत फरक आहे, आणि बरीच विद्यापीठे देत नाहीत. मुलीने स्वतः नोंदी पाहायला मागितल्या, तर मात्र पंचेचाळीस दिवसांच्या आत त्या दाखवणे विद्यापीठाला बंधनकारक आहे.

एक गंमत म्हणून सांगतो: मदतीच्या फायलीतली तुमची स्वतःची आर्थिक माहिती, म्हणजे पगार आणि बचत, पाहण्याचा हक्क या कायद्याने मुलीलाही दिलेला नाही. माझ्या मुलाने ती मागण्याचा प्रयत्न केला होता, म्हणून ठाऊक.

मदतखिडकी, १८ नोव्हेंबर २०२४

मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयात काम केले आहे. आपल्या विद्यापीठाची फाईल माझ्यासमोर नाही, पण आपण दिलेल्या आकड्यांवरून पत्रातली रक्कम कशी आली ते मला मांडून दाखवता येते.

आपल्याला जी दोन कोष्टके दिसली, ती जुळत नाहीत कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले विद्यापीठाचे स्वतःचे परतावा धोरण आहे: कितव्या आठवड्यापर्यंत सोडल्यास शिकवणी शुल्काचा किती भाग माफ होईल. फेडरल कायदा याची टक्केवारी ठरवून देत नाही. धोरण काहीही असो, ते विद्यार्थ्यांना आणि प्रवेशेच्छूंना उघड सांगितले पाहिजे एवढेच तो म्हणतो. भारतातून आलेल्या पालकांचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण तिकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पेच ठरवून दिलेले होते, अगदी प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर तीस दिवसांपर्यंत निम्मे शुल्क परत करण्यापर्यंत. इथे तसा राष्ट्रीय तक्ता नाही. सरकारी विद्यापीठांत साधारणपणे चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर हा परतावा शून्यावर येतो आणि आपली मुलगी आठव्या आठवड्यात बाहेर पडली.

दुसरे कोष्टक फेडरल मदत परत करण्याचे आहे. ते १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याच्या ‘टायटल फोर’ या भागाखाली येते आणि सगळ्या विद्यापीठांना सारखेच लागू होते. त्यामागचा विचार असा की ग्रँट आणि कर्ज हे पूर्ण सत्रासाठी दिलेले असते, आणि विद्यार्थी जितके दिवस शिकला तितकेच त्याने ‘कमावले’. सत्राचे साठ टक्के दिवस ओलांडले की सगळी मदत कमावलेली धरली जाते. त्याआधी दिवसांच्या प्रमाणात. यात आजारपणाचा अपवाद नाही. तो असावा असे मला नेहमी वाटत आले, पण नाही.

आता दिवस मोजू. २६ ऑगस्ट ते, बहुधा, १३ डिसेंबर हे ११० दिवस होतात. सलग पाच किंवा अधिक दिवसांची सुटी वगळायची असते, आणि थँक्सगिव्हिंगची सुटी बुधवार ते रविवार असेल तर ती नेमकी पाच दिवसांची भरते, म्हणून उरले १०५. १४ ऑक्टोबर हा पन्नासावा दिवस. पन्नास भागिले १०५ म्हणजे ४७.६ टक्के. एकूण फेडरल मदत ४,७२१ डॉलर; त्यांपैकी कमावलेली २,२४७ डॉलर २० सेंट, न कमावलेली २,४७३ डॉलर ८० सेंट. पत्रातली रक्कम हीच. साठ टक्क्यांची रेषा २८ ऑक्टोबरला ओलांडली गेली असती, पण आजारी मुलीला कोणी दोन आठवडे थांब म्हणाले नसते.

ही न कमावलेली रक्कम विद्यापीठाने सरकारला परत केली आणि त्यामुळे विद्यापीठाच्या बिलात तेवढे भगदाड पडले, जे ते आता मुलीकडून भरून मागत आहे. मात्र पत्रात सहसा ठळकपणे न लिहिलेली एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. पैसे परत करण्याचा क्रम कायद्याने ठरलेला आहे: आधी अनसबसिडाइज्ड कर्ज, मग सबसिडाइज्ड कर्ज, आणि पेल ग्रँट त्यांच्यानंतर. म्हणजे ९८९ डॉलरचे पहिले कर्ज पूर्ण फिटले, दुसऱ्यातले १,४८४ डॉलर ८० सेंट फिटले, आणि दोन हजारांच्या ग्रँटला हातही लागला नाही. मुलीच्या नावावर आता फेडरल कर्जाचे जेमतेम २४७ डॉलर उरले असतील. फेडरल विद्यार्थी मदतीच्या संकेतस्थळावर तिच्या खात्यात हे दिसेल, जरूर पाहावे. तेव्हा हे २,४७४ डॉलर नवे नुकसान नाही. सावकाश फेडायचे कर्ज होते, त्याचे रूपांतर लगेच द्यायच्या देण्यात झाले आहे. घरातल्या रोकडीच्या दृष्टीने हे त्रासाचे आहे, हे मी नाकारत नाही.

खरे नुकसान पहिल्या कोष्टकात आहे. एकही क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा श्रेयांक) हाती न लागता १४,८०० डॉलरचे बिल पूर्ण आकारले गेले. म्हणून भांडायचे असेल तर तिथे भांडावे. बऱ्याच विद्यापीठांत वैद्यकीय कारणासाठी शुल्क माफीचा अर्ज करता येतो. त्याचे नियम त्याच ‘ग्राहक माहिती’ पानावरून सापडतील, आणि अर्जाला मुदत असते. डॉक्टरांच्या पत्रात आजाराची सुरुवात कधी झाली ती तारीख असावी. अर्ज मंजूर झाला तरी फेडरल हिशोब पुन्हा मांडला जात नाही, कारण तो मूळ आकारणीवर चालतो. त्यामुळे मिळेल ती माफी सरळ तुमच्या बाकीतून वजा होईल.

मिरजकर, १८ नोव्हेंबर २०२४

वरील उत्तर वाचून एफ-१ व्हिसावरील, म्हणजे परदेशातून शिकायला आलेल्या, विद्यार्थ्यांसाठी थोडी भर घालतो. आम्हाला फेडरल मदत मिळतच नाही, त्यामुळे दुसरे कोष्टक आमच्यासाठी नाही आणि पहिले तेवढे सर्वस्व असते. दोन वर्षांपूर्वी मी पाठीच्या दुखण्यामुळे सत्र सोडण्याच्या बेतात होतो. तेव्हा मिरजेहून वडिलांनी विद्यापीठाला चार मेल पाठवले आणि चारही वेळा ‘फर्पा’चेच उत्तर आले, कारण तो कायदा विद्यार्थ्याचे नागरिकत्व पाहत नाही. मी संमतिपत्र भरल्यावर पाचव्या मेलला व्यवस्थित उत्तर मिळाले.

आमच्या बाबतीत परताव्याहून मोठी बाब म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी. ती घेऊन सत्र सोडले तर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात; न घेता सोडले तर तेवढेही मिळत नाहीत. आजारपणासाठी मात्र कमी विषय घेण्याची, अगदी एकही न घेण्याची सवलत प्रत्येक पदवी-पातळीला एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळू शकते. तिच्यासाठी डॉक्टरांचे पत्र आणि कार्यालयाची आगाऊ मान्यता लागते. मी तीच घेतली आणि पुढच्या सत्रात परत आलो.

किनाऱ्यावरचा_बाबा, १९ नोव्हेंबर २०२४

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने काल संमतिपत्र भरले. खाते उघडून पाहिले तेव्हा कर्जाची बाकी खरोखरच अडीचशेच्या आत दिसली. हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. दोन शंका उरल्या आहेत. मुलीने अर्ज १४ तारखेला दिला, परंतु १७ ऑक्टोबरला ती रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील परीक्षेला जाऊन बसली होती, कारण तिला तोवर आशा होती. त्या तारखेचा उपयोग होईल का? आणि जानेवारीत ती परत जाऊ इच्छिते, तेव्हा मदत पुन्हा मिळेल का?

मदतखिडकी, १९ नोव्हेंबर २०२४

होईल, पण थोडासाच. जिथे हजेरी घेणे सक्तीचे नाही अशा विद्यापीठाला, अर्जाच्या तारखेऐवजी, नोंद असलेल्या शेवटच्या शैक्षणिक सहभागाची तारीख धरण्याची मुभा असते. परीक्षेला बसणे हा असा सहभाग आहे. नुसते वसतिगृहात राहणे किंवा मेसमध्ये जेवणे नाही. १७ ऑक्टोबर धरल्यास त्रेपन्न दिवस, म्हणजे ५०.५ टक्के होतील आणि बाकी सुमारे १३७ डॉलरने उतरेल. तेवढेच कर्ज मात्र परत वाढेल, कारण ही बेरीज-वजाबाकी सगळी कर्जाच्या रकान्यातच चालली आहे. या रकमेसाठी विनंती करावी, पण शुल्क माफीच्या अर्जाआधी यात वेळ घालवू नये.

जानेवारीबद्दल तीन गोष्टी. मागील बाकी असताना बहुतेक विद्यापीठे पुढच्या सत्राची नोंदणी अडवतात, तेव्हा हप्ते बांधून मागा, ते मिळतात. सोडलेले विषय ‘प्रयत्न केलेले’ म्हणून मोजले जातात, त्यामुळे समाधानकारक प्रगतीच्या निकषावर मदत थांबल्याचे पत्र येऊ शकते. आजारपण हे त्यावर अपील करण्याचे मान्य कारण आहे आणि माफीच्या अर्जाचीच कागदपत्रे तिथेही चालतात. तिसरे, कर्जफेडीपूर्वीची सहा महिन्यांची सवलत १४ ऑक्टोबरपासून सुरू झालेली आहे. जानेवारीत ती किमान अर्ध्या वेळेची विद्यार्थिनी झाली, तर पुढे शिक्षण संपल्यावर ते सहा महिने पुन्हा पूर्ण मिळतील.

आणखी एक, जे मदत कार्यालय सांगणार नाही कारण ते त्यांचे काम नव्हे. माफी मंजूर होऊन काही पैसे तुमच्याकडे परत आले, तर ते ५२९ खात्यातून गेलेले होते हे विसरू नका. परतावा मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत ते त्याच मुलीच्या ५२९ खात्यात पुन्हा भरले, तर त्यावर कर आणि दंड लागत नाही. परताव्याचे पत्र आणि भरण्याची पावती एकत्र जपून ठेवा.

किनाऱ्यावरचा_बाबा, २ डिसेंबर २०२४

कळवण्यासाठी लिहितो. थकबाकी चार हप्त्यांत भरायला मंजुरी मिळाली आणि जानेवारीची नोंदणी खुली झाली. १७ ऑक्टोबरची तारीख त्यांनी मान्य केली नाही. शुल्क माफीचा अर्ज समितीपुढे आहे आणि निर्णय सत्रअखेरीस होईल असे बर्सरच्या त्याच बाईंनी मला फोनवर सांगितले. या वेळी संमतिपत्र त्यांच्यासमोर होते.