कडुलिंबाखालची काळी गाडी: सिरॅमिक, पीपीएफ की नुसतं वॅक्स?

मंडळी, मदत हवी आहे.

अक्षय्य तृतीयेला काळी गाडी घेतली. "काळा नको रे" असं आई दहादा म्हणाली होती, ते आता रोज ऐकतोय. घर इंदुरात, रामबागेत. वाड्यात गाडी शिरत नाही, म्हणून ती गल्लीत कडुलिंबाखाली. वरून कबुतरं प्रसाद पाठवतात. मागच्या रविवारी पुसायला उशीर झाला, तर बॉनेटवर रुपयाएवढा डाग. बोटाला लागत नाही, तिरक्या उन्हात मात्र चमकतो.

त्यात नोकरी पीथमपूरला. राऊच्या पुढे रोज ट्रकांच्या मागे. खडी उडून बंपरचे दोन टवके गेलेत, आतलं प्लास्टिक दिसतंय.

शोरूमने टेफ्लॉन मारून दिलं होतं, ते पहिल्या पावसातच गेलं. आता डिटेलिंगवाला म्हणतो सिरॅमिक (रंगावर वाळून कडक होणारा पातळ लेप) करा, 'नाइन एच' इतका कडक आहे, दगडसुद्धा लागणार नाही. पण हा नाइन एच म्हणजे पेन्सिलीने ओरखडून बघायची चाचणी ना? आणि थर जेमतेम १-२ मायक्रॉनचा, तो खडी काय अडवणार? पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, १५०-२०० मायक्रॉनची, ती अडवेल, पण अख्ख्या गाडीचा आकडा ऐकून बायको म्हणाली, "मग गाडी घरात ठेवू, आपण गल्लीत झोपू."

बॉनेट, बंपर आणि आरशांना पीपीएफ, बाकीला सिरॅमिक, असं चालेल का? आधी काय लावायचं?

प्रतिसाद:
चालेल, मीही तेच केलंय. आधी टवके टचअपच्या रंगाने भरून नीट वाळू द्या. मग धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी), आणि डागापुरतं हलकं पॉलिश. पॉलिशने घासला जातो तो क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तोच मुळात ४०-५० मायक्रॉनचा, दर वर्षी घासत बसलात तर उरेल काय? त्यानंतर फिल्म, आणि सिरॅमिक सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर फिल्म नीट चिकटत नाही.

टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना, ते गाडीवर नुसतं चोळून काय धरणार, भिया! आणि कबुतरांपुढे सिरॅमिकचाही भरवसा नाही. दारात ओलं मायक्रोफायबर ठेवा. बोरिंगचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे ठिपके राहतात. रोज पुसतं कोण?

धागाकर्ता:
गल्लीतला पोरगा. सकाळी सहाला, कोरड्या फडक्याने. आत्ता टॉर्च मारून बघितलं, छतभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे आहेत. आईला अजून दाखवलेले नाहीत.