मदत हवी आहे: 'भरवशाचा पुरवठादार' या वर्गात कुणीच येत नाही

चक्रावलेला
खरेदी व्यवस्थापकांसाठी निर्णयाला मदत करणारी प्रणाली बनवतोय. ऑन्टॉलॉजी (संकल्पना, त्यांचे अर्थ नि संबंध यांची संगणकाला समजेल अशी मांडणी) प्रोटेजे या संपादकात केली. ज्याची एकही खेप उशिरा आली नाही तो भरवशाचा, अशी व्याख्या दिलीय. रिझनर (व्याख्यांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चालवला की वर्ग रिकामा. एररही नाही. सोमवारी डेमो आहे, लवकर सांगा.

बिनसाखर
रिझनर कोणता? व्याख्या जशीच्या तशी इथे टाका. खेपांच्या नोंदी आत आहेत ना?

हिशेबनीस
एवढ्यासाठी ऑन्टॉलॉजी? एक्सेलमध्ये पिव्होट लावा आणि मोकळे व्हा.

चक्रावलेला
एक्सेल नको. अमुकच पुरवठादार का सुचवला, हे साहेबांना दिसायला हवंय. रिझनर हर्मिट. नोंदी आहेत. व्याख्या: पुरवठादार अँड उशिराची_खेप मॅक्स ० (म्हणजे जास्तीत जास्त शून्य)

बिनसाखर
मग हर्मिटचं बरोबर आहे. ओडब्ल्यूएल, म्हणजे तुमची ऑन्टॉलॉजी ज्या भाषेत आहे ती, खुलं जग धरून चालते. नोंद नाही म्हणजे घडलंच नाही, असं ती मानत नाही; न नोंदलेली उशिराची खेप असूही शकते. 'एकही नाही' छापाच्या अटी स्पार्कल या क्वेरीच्या भाषेत फिल्टर नॉट एक्झिस्ट्सने ('अशी नोंद नसेल तरच घे') लिहा. वर्गांची उतरंड ओडब्ल्यूएलकडेच राहू द्या.

निर्णयतक्ता
म्हणजे नियम क्वेरीत पुरायचे? व्यवस्थापक ते वाचणार कधी? डीएमएन (निर्णयाचे नियम तक्त्यात मांडायची पद्धत) घ्या. तक्ता त्यांना स्वतःला बदलता येतो.

बिनसाखर
तक्त्यातला 'उशीर' कशापासून मोजायचा? खरेदी खातं ऑर्डरची तारीख धरतं, गोदाम कबूल केलेली. तो अर्थ आधी कुठेतरी ठरवावा लागतोच, ऑन्टॉलॉजी त्यासाठी. तक्ता तिच्यावर खुशाल बसवा.

नवखा_०७
प्रोटेजे फुकट आहे का? रॅम किती लागते?

काठावरचा
फुकट आहे, पण वेगळा धागा काढा.
धागाकर्ते, नॉट एक्झिस्ट्स लावलंत की ज्याने आजवर एकही खेप पाठवली नाही तोही भरवशाचा ठरेल. निदान एक खेप हवी, ही अट जोडा. अपुऱ्या नोंदी आधी शॅकलने (नोंदी ठरलेल्या अटींत बसतात का हे तपासायची भाषा) शोधून गाळा, २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ते मानक आहे.

हिशेबनीस
पिव्होटमध्ये हे आपोआप दिसलं असतं.

चक्रावलेला
यादी आली! पण प्रोटेजेत स्पष्टीकरणाचं बटण या यादीतल्या पुरवठादारांसाठी येतच नाही?

बिनसाखर
येणार नाही. ते फक्त रिझनरने काढलेल्या निष्कर्षांसाठी असतं. क्वेरीतून प्रत्येक खेपेची ठरलेली आणि प्रत्यक्ष तारीख सोबत काढा, साहेबांना तेच दाखवा.