फिल्टरमध्ये बारा फोटोंची कंजुषी नसते

जुन्या फिल्म कॅमेऱ्याची मजा हवी असेल तर 'मोबाइलला फिल्मचा फिल्टर लावला की झालं' असं कुणीतरी म्हटलंय. रंगांपुरतं खरं असेलही. पण माझ्याकडे काकांचा आग्फा क्लिक थ्री हा जुना फिल्म कॅमेरा आहे. '१२०' नावाच्या रुंद फिल्मचा रोल, चौकोनी बारा फोटो, बस्स. मागच्या लाल खिडकीत आकडा सरकताना बघत रोल पुढे न्यायचा. न्यायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो! गेल्या रोलवर आमची आजी आणि एसटी स्टँड असे एकात एक आलेत. फेकवत नाही.

फोटोबुकांचा नाद मात्र खिशाला जड. छायाचित्रकार रघुबीर सिंह यांचं मुंबईवरचं १९९४चं पुस्तक मिळालं तर जरूर बघा. ते कोडाक्रोम या रंगीत फिल्मवर काम करायचे, आणि ती फिल्म २००९पासून बनतच नाही. स्क्रीनवर आपण चित्र सरकवून मोकळे होतो. पुस्तक मांडीवर घेतलं की एकाच पानावर पाच मिनिटं जातात, कोपऱ्यातला माणूस तेव्हा कुठे दिसतो.

बाकी रोल धुऊन देणारं कुणी पुण्यात माहीत असेल तर सांगा. आमच्या नेहमीच्या दुकानाने मागच्या महिन्यात काम बंद केलं.