प्रदर्शनातली गोधडी 2200 रुपयांना?

तापीकाठचा: काल जळगावच्या प्रदर्शनात साधी गोधडी 2200 रुपये सांगितली. सुरतेला तशीच 600 ला मिळते. हातकाम म्हटलं की वाटेल तो भाव लावायचा का? ही सरळ लूट आहे.

पारोळ्याची गोधडीवाली: दोन दिवस गप्प बसणार होते, पण 'लूट' शब्द सहन झाला नाही. आतून दोन जुनी सुती लुगडी, वरून नवं कापड, दोरा मिळून साडेतीनशे खर्च. रोज चार तास धावदोरा घातला तर बारा दिवस लागतात. 2200 मिळाले तरी तासाला चाळीस रुपये पडत नाहीत, आणि त्यातून स्टॉलचं भाडं, गाडीखर्च जायचाच. त्यापेक्षा कापूस वेचायला गेलेलं परवडतं. सुरतेची ती गोधडी मशीनवर शिवलेली असते, आत पॉलिस्टर. एका बाईने माझी गोधडी पूर्ण उलगडून घडी मोडली, "इतलं महाग?" म्हणाली आणि शेजारी चार जणांसाठी भरीत-पुरी घेतली. तिथे तिने भाव विचारलाही नाही.

चोपडेकर: ताई, खरं दुखणं तेच. प्रदर्शन हस्तकलेचं आणि गर्दी खाण्याच्या रांगेत. मी टोपल्या घेऊन बसतो, लोक माझ्या टेबलावर प्लेट ठेवून खातात. खाण्याचे स्टॉल बंदच करा.

भरीतवाली, यावल: बंद का करायचे? पहाटे चारला उठून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या लाटते, ते हातकाम नाही? आपल्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्यामुळे माणसं आत येतात, नाहीतर तुमच्या टोपल्यांसमोर माशी फिरकली नसती.

चोपडेकर: माशा तर तुमच्याच खरकट्यावर होत्या!

पारोळ्याची गोधडीवाली: भांडू नका, पण धुराचं बोला. माझ्या सहा गोधड्यांना वास लागला. एक गिऱ्हाईक पैसे काढत होतं, नाकाला लावून परत ठेवून गेलं.

तापीकाठचा: मजुरीचा हिशोब पटला, लूट हा शब्द मागे घेतो. पण आतलं कापड जुनं की नवं, हातशिलाई की मशीन, हे पाटीवर लिहा ना. शेजारच्या स्टॉलवर मशीनचा मालसुद्धा 'हातकाम' म्हणूनच होता. आम्ही ओळखायचं कसं?

पारोळ्याची गोधडीवाली: त्या स्टॉलबद्दल मीही आयोजकांकडे तक्रार केली होती. ऐकलं नाही. पाटी लावीन.

भरीतवाली, यावल: धुराचं बरोबर आहे तुमचं. पण वारा फिरल्यावर मी चूल मागे नेली होती, कोणालाही विचारा.

पारोळ्याची गोधडीवाली: नेलीत. संध्याकाळी सातला. तोवर माझा दिवस गेला होता.