जिनिंगचा आवाज आणि बिडी
जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, राबलेल्या पुरुषांचे कान यंत्रामुळेच जातात, उगाच बिडीला दोष नको, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. गोंगाट हे मोठे कारण आहेच. परंतु जपानमधील सुमारे ५० हजार कामगारांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामावरच्या आवाजाचा परिणाम वेगळा काढल्यावरही, धूम्रपान करणाऱ्यांत उच्च कंपनसंख्येची, म्हणजे बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकण्याची, श्रवणशक्ती घटण्याचा धोका १.६ पट आढळला, आणि धूम्रपान सोडलेल्यांत तो पाच वर्षांच्या आतच उतरला होता. आंतरकर्णाला रक्त पुरवणारी धमनी बारीक आणि जवळपास एकटीच असते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्तातील प्राणवायू घटतो.

उच्च कंपनसंख्या आधी जात असल्याने बहिरेपण लवकर लक्षात येत नाही. यवतमाळकडच्या आमच्या मोठ्या काकांना बांधापलीकडचा ट्रॅक्टर बरोबर ऐकू येतो, पण कापसाचा भाव ‘सात हजार’ सांगितला की ते ‘आठ हजार’ समजून बसतात, कारण ‘स’सारखी बारीक व्यंजनेच त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत. घरचे मात्र बरीच वर्षे म्हणत राहिले की म्हातारा मुद्दाम ऐकत नाही.